कळंगुटचे चार दिवस आणि आत्याची खर्चाची वही

माझी आत्या याआधी कळंगुटला आली होती ती १९८४ च्या जानेवारीत. राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांचा गोव्यातला मुक्काम होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, रस्ते नवे होते आणि किनाऱ्यावर संध्याकाळी माणसांपेक्षा होड्या जास्त असत, असे ती सांगते. काका गेल्यानंतर तो किनारा पुन्हा एकदा पाहावा असे तिच्या मनात होते, म्हणून या वर्षी फेब्रुवारीत आम्ही दोघीच निघालो. चाळीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे आत्याला दोन सवयी आहेत. कोणी काही विचारले की ती पूर्ण वाक्यात उत्तर देते, आणि रोजचा खर्च ती रोज रात्री वहीत लिहिते. या प्रवासात त्या दोन्ही सवयींचे काय झाले, हे मला लिहून ठेवावेसे वाटते.

पहिला दिवस, मंगळवार

पुण्याहून रात्री सुटलेली बस सकाळी साडेसहाच्या सुमारास म्हापशाला पोहोचली आणि दार उघडण्यापूर्वीच खिडकीच्या काचेवर टकटक सुरू झाली. आत्याने उतरताना एक हात दांडीला धरला होता. दुसऱ्या हातातली पिशवी कोणीतरी काढून घेतली आणि तो माणूस ती घेऊन आपल्या गाडीकडे चालू लागला. चोरीचा त्याचा हेतू नव्हता. पिशवी गाडीत गेली की तिच्यामागून माणूसही येतो, हा त्याचा रोजचा अनुभव असावा. दहा-एक किलोमीटरसाठी त्याने बाराशे रुपये सांगितले, मी पिशवी परत मागताच ते आठशे झाले, आणि शेवटी "इतक्या सकाळी कळंगुटला बस नसते," असे त्याने अगदी खात्रीने सांगितले. तिथून शंभर पावलांवर कळंगुटची बस उभी होती. कंडक्टरने आत्याला पुढची जागा दिली, दोघींच्या तिकिटांसाठी सुटे पैसे मागितले आणि उतरायचे ठिकाण आल्यावर स्वतःहून हाक मारली.

टॅक्सीवाल्यांची बाजू नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्यातले पुष्कळजण कर्जाच्या एका गाडीवर घर चालवणारे स्थानिक लोक आहेत, त्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच असतो, आणि देशातल्या मोठ्या ॲप-कंपन्या आल्या तर आपला धंदा हातचा जाईल ही त्यांची भीती निराधार नाही. परंतु सरकारच्या पाठबळाने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲप-टॅक्सीलाही ठिकठिकाणी विरोध झाला, उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२१ पासून गाड्यांना डिजिटल मीटर बसू लागले तरी भाडे बहुधा तोंडीच ठरते, आणि या ओढाताणीत सकाळी बसमधून उतरणाऱ्या अनोळखी माणसाला खरे भाडे किती हे शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटते, नडते ते हे न कळणे. आठशे रुपये हा दर फलकावर लिहिलेला असता, तर दमलेल्या आत्यासाठी मी तो आनंदाने दिला असता.

आमचा मुक्काम मुख्य रस्त्यापासून आत, नारळांच्या बागेतल्या एका जुन्या घरात होता. घराच्या मालकीण साठीच्या पुढच्या, कोकणी वळणाचे मराठी बोलणाऱ्या, आणि पहिल्या चहाबरोबर त्यांनी आम्हाला एक सूचना दिली: किनाऱ्याच्या पायऱ्यांपाशी कोणी कागद हातात देऊ लागला तर तो घेऊ नका. तिचा अर्थ दुसऱ्या दिवशी कळला.

संध्याकाळी तासभर किनाऱ्यावर फिरलो. समुद्र आत्याला आठवत होता तसाच होता, सूर्यही तसाच बुडाला. मात्र त्या तासाभरात पॅरासेलिंग, बनाना राइड, गोंदण, मसाज, फोटो, चष्मे, ढोलकी आणि रात्रीच्या क्लबातला मोफत प्रवेश यांसाठी आम्हाला अनेकांनी थांबवले, आणि आत्या प्रत्येकाला "नको रे बाळा, माझे गुडघे दुखतात," अशी कारणासहित उत्तरे देत राहिली. कारण दिले की त्यावर उपाय सुचवला जातो, हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. रात्री वहीत खर्चाच्या खाली तिने एक वेगळी ओळ लिहिली: "नको म्हटले – १९ वेळा."

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी शेजारच्या बागा किनाऱ्याच्या दिशेने चालत जायचे ठरवले होते. पायऱ्या उतरताच नीटनेटक्या कपड्यांतली दोन तरुण मुले पुढे आली, त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला आणि पर्यटनाबद्दल सर्वेक्षण चालू आहे, फक्त नाव आणि गाव सांगा, असे म्हणून तिच्या हातात एक कार्ड ठेवले. मी दहा पावले मागे होते. मी पोहोचेपर्यंत आत्याने नाण्याने ते कार्ड खरवडले होते आणि तिला तीन दिवसांच्या सहलीचे बक्षीस लागले होते. त्या मुलांचा आनंद इतका हुबेहूब होता की क्षणभर मलाही आनंद झाला. बक्षीस घेण्यासाठी जवळच्याच एका रिसॉर्टमध्ये जावे लागेल, गाडी आमची, सरबत आमचे, वेळ फक्त वीस मिनिटे, असे त्यांनी सांगितले.

मी नको म्हणत असताना आत्या म्हणाली, "अगं, मुलांनी एवढ्या आपुलकीने बोलावलंय, बघून तर येऊ." मी तिचे ऐकले, आणि त्या चुकीत आमचे पावणेतीन तास गेले. तिथे एका थंड खोलीत टेबलापाशी बसवून आमच्या घरी किती माणसे आहेत, वर्षातून किती वेळा फिरतो, निवृत्तिवेतन किती, हे सगळे गोड बोलून विचारले गेले आणि त्यानंतर दरवर्षी एक आठवडा राहण्याच्या हक्काचे सभासदत्व काही लाखांना पुढे केले गेले. आजच निर्णय घेतला तर निम्म्या किमतीत, उद्या हा भाव नाही. नाही म्हटल्यावर दुसरा माणूस आला, त्याला नाही म्हटल्यावर त्याचा साहेब आला. आम्ही उठलो तेव्हा परत सोडायला गाडी नव्हती आणि बक्षिसाच्या कागदावर बारीक अक्षरांत प्रवासखर्च, कर आणि ठरावीक तारखांच्या अटी होत्या. कार्डांचा हा प्रकार गोव्यात नवा नाही. पुष्कळ वर्षांपासून तो चालू आहे. बाहेर उन्हात आल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. तिचे पैसे गेले नव्हते. पण त्या मुलांनी केलेला नमस्कार तिने खरा मानला होता, आणि ते तिला लागले होते.

दुपारी एका शॅकसमोरच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या हंगामी खानावळीसमोरच्या, खाटांवर बसलो. काही मागवले तर खाटेचे पैसे नाहीत असे बोलावणाऱ्या मुलाने सांगितले होते. बिलात खाटांचे चारशे रुपये होते, आणि ते सांगणारा मुलगा आमच्याकडे कामाला नाही, असे काउंटरवरच्या माणसाने सांगितले. हे त्याचे म्हणणे खोटे नसावे. ही मुले पगारावर नसतात. गिऱ्हाईक आणून बसवले की बिलाचा वाटा त्यांना मिळतो आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात. बोलावणारा एक आणि बिल करणारा दुसरा झाला की दिलेल्या शब्दाची जबाबदारी कोणावरच राहत नाही, आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक फसवणुकी याच फटीतून होतात असे मला त्या चार दिवसांत दिसले. शॅकचा परवाना सरकार हंगामापुरता देते आणि तो पोटभाड्याने देण्यास मनाई आहे. तरीही तसे झाल्याचे उघडकीस येऊन नोटिसा निघाल्या आहेत. पोटभाडे भरून शॅक चालवणाऱ्याला आठ महिन्यांत ते वसूल करायचे असते, त्यासाठी गिऱ्हाईक ओढून आणणारे लागतात, त्यांचा वाटा मासळीच्या ताटात चढतो, ताट महाग झाले की माणसे स्वतःहून येत नाहीत, आणि मग ओढून आणणारे आणखी लागतात.

याच किनाऱ्यावर पिशव्या आणि मण्यांच्या माळा विकणाऱ्या लमाणी बायाही फिरतात, आणि त्यांना या दलालांच्या रांगेत बसवणे मला अन्यायाचे वाटते. त्या आपला माल आपल्या खांद्यावर घेऊन येतात, भाव सांगतात, नको म्हटल्यावर दोनदा विचारतात आणि पुढे जातात. आत्याने एकीकडून दीडशे रुपयांची माळ घेतली आणि तिच्या मुलांची चौकशी केली. त्या दिवशी किनाऱ्यावर तिने आपणहून केलेले ते एकच संभाषण. बागाला पोहोचेपर्यंत "नको"ची संख्या ४३ झाली होती. परतीच्या वाटेवर तिने मोजणे सोडले, उत्तर देणेही सोडले आणि पदर डोक्यावरून घेऊन खाली वाळूकडे बघत ती चालू लागली. समुद्र उजव्या हाताला होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

तिसरा दिवस, गुरुवार

स्कूटर भाड्याने घ्यायची होती. रस्त्यावरचा पहिला माणूस पांढऱ्या नंबरपाटीची गाडी अडीचशेत द्यायला तयार होता. मी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच मागितली, कारण भाड्याने द्यायचा परवाना अशाच दुचाकीला असतो आणि खाजगी गाडी घेऊन पकडले गेल्यास दंड चालवणाऱ्यालाही बसतो. चारशे रुपयांत परवान्याची गाडी मिळाली आणि आम्ही कांदोळीमार्गे शिकेरीकडे निघालो.

वाटेत एक माणूस दोन्ही हात हलवत ओरडत रस्त्याच्या कडेने धावत आला. मी वेग वाढवला. पुढे एका दुकानापाशी एक बाईही ओरडली, "ताई, ओ ताई!" आत्या मागून म्हणाली, "बघू नकोस, चल." पुढच्या वळणावर गाडी एका बाजूला झुकताच काहीतरी रस्त्याला घासले आणि आम्ही दोघी पडता पडता वाचलो. स्कूटरचा स्टँड खालीच राहिला होता. ती दोन्ही माणसे आम्हाला तेच सांगत होती. मी गाडी बाजूला घेतली, स्टँड वर केला, आणि माझे हात कापत होते. पुण्यात असे कोणी ओरडले तर मी आधी खाली बघते, मग त्याला हात करते. तीन दिवसांत ती साधी रीत माझ्यातून निघून गेली होती. येताना त्या बाईंच्या दुकानापाशी थांबून आम्ही आभार मानले, त्या हसून म्हणाल्या, "हल्ली कोणी थांबतच नाही. आम्ही तरी काय करणार? ओरडतो."

डॉल्फिन दाखवण्याची फेरी रस्त्यावरच्या एका एजंटने माणशी नऊशेला सांगितली होती. थेट धक्क्यावर गेल्यावर होडीवाल्या काकांनी चारशे घेतले, लाइफ जॅकेट स्वतः बांधून दिले आणि पट्टा ओढून पाहिला. पूर्वी ते मासेमारी करत. एजंटामार्फत माणूस आला तर नऊशेतले आपल्या हातात तीनशे-साडेतीनशे येतात, डिझेल मात्र तेवढेच लागते, असे त्यांनी सांगितले. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा बळी गेला आणि वीस जणांना वाचवावे लागले, त्याची आठवण त्यांनीच काढली. वाटा देऊन उरलेल्या पैशांत फेऱ्या वाढवाव्याशा वाटतात, माणसे दोन जास्त घ्यावीशी वाटतात, हे त्यांचे शब्द होते. डॉल्फिन दोनदा दिसले. आत्याने होडीवाल्या काकांना आपल्या १९८४ च्या सहलीची गोष्ट सांगितली, आणि मला बरे वाटले.

आग्वाद किल्ल्यावर फार वेळ गेला नाही. १६१२ मध्ये पोर्तुगिजांनी बांधलेल्या या किल्ल्याचे नाव पाण्यावरून पडले, कारण येणारी जहाजे इथल्या प्रचंड टाक्यातून पाणी भरून घेत. चौकातला दीपस्तंभ १८६४ चा आहे. तिकीट ठरलेले, फलक लावलेला, आत कोणी मागे लागत नाही. आत्या तटावर अर्धा तास बसून राहिली.

रात्री घरमालकीण बाईंशी बोलणे झाले. पंचवीस वर्षे त्या चार खोल्या भाड्याने देतात आणि त्यांच्याकडे दरवर्षी सहा-सहा आठवडे राहायला येणारी इंग्रज जोडपी होती; आता एकच येते. आकडेही साधारण तेच सांगतात. २०१९ मध्ये गोव्यात सुमारे ९.३७ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२४ मध्ये ४.६७ लाख, देशातले मात्र याच काळात सुमारे ७१ लाखांवरून ९९ लाखांवर गेले. परदेशी कमी होण्याचा सगळा दोष दलालांवर टाकणे चूक ठरेल. चार्टर विमाने कमी झाली, ब्रिटनमधली एक जुनी प्रवासी कंपनी २०१९ मध्ये बुडाली, मग महासाथ, मग युक्रेनचे युद्ध, आणि व्हिएतनाम, श्रीलंका, थायलंड यांची स्पर्धा. परंतु बाईंचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटले: एकूण संख्या वाढते म्हणून कोणाला काळजी वाटत नाही, मात्र सहा आठवडे राहणारा माणूस गावातल्या पोदेराकडून पाव घेतो, शिंप्याकडे कपडे शिवतो, दुसऱ्या वर्षी नावाने हाक मारतो, दोन रात्री राहून, बिलावरून भांडून जाणारा परत येत नाही, आणि त्याच्या जागी नवा येतोच असे धरून चालणाऱ्याला त्याच्याशी नीट वागण्याचे कारण उरत नाही.

कायदा नाही असे नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा गोव्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२५ मध्ये विधानसभेने त्यात दुरुस्ती करून दलाली, मागे लागून विक्री, अनधिकृत तिकिटे यांना उपद्रवाच्या व्याख्येत आणले व दंड पाच हजारांपासून एक लाखापर्यंत नेला. गावच्या ग्रामसभेतही लोकांनी दलालांविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे, हे बाहेरच्या माणसाने लक्षात ठेवायला हवे, कारण "गोव्याचे लोक लुटतात" असे आपण परतल्यावर सहज म्हणून टाकतो. मला दंडाइतकेच महत्त्व फलकांचे वाटते. प्रत्येक पायरीपाशी जलक्रीडेचे, होडीचे, टॅक्सीचे आणि खाटांचे दर मराठी, हिंदी, कोकणी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतील आणि पावती एकाच खिडकीवर मिळत असेल, तर मधल्या माणसाकडे विकण्यासारखे काही राहणार नाही. मात्र त्या मधल्या माणसालाही दुसरे काम द्यावे लागेल. आमच्या समोर कार्ड धरणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा होता, बूट उसवलेले होते, आणि किती जणांना आत नेले यावर त्याची मजुरी ठरणार होती.

चौथा दिवस, शुक्रवार

परतीची बस म्हापशाहून संध्याकाळी होती. शुक्रवार हा म्हापशाच्या बाजाराचा दिवस, म्हणून सकाळीच तिथे गेलो. हाका तिथेही होत्या. पण हाक मारणारी बाई आपल्या टोपलीजवळ बसलेली होती आणि आम्ही पुढे गेलो तर ती दुसऱ्याला हाक मारत होती. आत्या दहा मिनिटे गप्प होती. मग हरमलच्या मिरच्यांच्या ढिगापाशी ती थांबली, एक मिरची मोडून वास घेतला आणि विचारले, "बाई, या रंगाला चांगल्या की तिखटाला?" त्या बाईंनी दोन्ही प्रकार समजावून सांगितले. त्यानंतर सोलां म्हणजे आमसुले आली, मोयऱ्याची केळी आली, खाजे आले, एक मातीची कढई आली, आणि प्रत्येक ठिकाणी भाव करताना आत्या आपल्या गुडघ्यांपासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळे पूर्ण वाक्यांत सांगत होती.

बसच्या वेळेआधी तिने वही काढली. राहणे, जेवण, स्कूटर आणि होडी सोडली तर किनाऱ्यावर तीन दिवसांत तिने दीडशे रुपयांची खरेदी केली होती, आणि म्हापशाच्या बाजारात दोन तासांत २,८६५ रुपयांची. सामान मावेना म्हणून सत्तर रुपयांची एक कापडी पिशवी आणखी घ्यावी लागली. पिशव्या विकणाऱ्या मुलाने "आजी, बसपर्यंत मी घेतो," असे म्हणून हात पुढे केला. आत्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, कढई नीट धर असे सांगितले, आणि पिशवी त्याच्या हातात दिली.